जर्मन शब्द थेट मराठीतून : नवशिक्यांच्या शब्दविषयक शंका आणि त्यांची उत्तरे

जर्मन शिकू लागलेल्या मराठी माणसाची वही उघडून पाहिली, तर बहुतेक वेळा डावीकडे जर्मन शब्द आणि उजवीकडे इंग्रजी अर्थ दिसतो. मराठी कुठेच नसते. पाठ्यपुस्तके, ॲप आणि शब्दकोश इंग्रजीतून समजावतात, त्यामुळे ही सवय आपोआप लागते. मात्र पहिल्या वर्षभरात पडणाऱ्या शब्दविषयक शंका तपासल्या, तर त्यांतल्या निम्म्याहून अधिक शंका जर्मन अवघड असल्यामुळे पडत नाहीत, तर मधल्या इंग्रजीमुळे पडतात, असे माझे शिकण्याच्या आणि शिकवण्याच्या अनुभवावरून झालेले मत आहे. म्हणून या लेखात त्याच शंका घेऊन मराठीतून थेट जर्मनकडे कसे जावे, हे पायरीपायरीने सांगितले आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगतो. गोएटे संस्थेच्या, म्हणजे पुण्या-मुंबईत आपण ज्याला माक्स म्युलर भवन म्हणतो त्या संस्थेच्या परीक्षांसाठी अधिकृत शब्दसूची असतात. ए-१ पातळीला सुमारे ६५०, ए-२ ला सुमारे १,३०० आणि बी-१ ला सुमारे २,४०० शब्द अपेक्षित धरलेले आहेत. हा डोंगर नव्हे. दिवसाला पाच शब्द नीट केले, तरी ए-१ चार-साडेचार महिन्यांत आटोक्यात येते. दुसरी गोष्ट अशी, की येथे जर्मन शब्द देवनागरीत दिले असले, तरी वहीत ते शब्दकोशातून पाहून रोमन लिपीतच उतरवावेत. जर्मनमधल्या दोन टिंबांच्या स्वरांना देवनागरीत नेमके अक्षर नाही, आणि ‘इश’ (मी) या शब्दातला ‘श’ आपल्या ‘श’पेक्षा मऊ असतो. तो कानांनीच शिकावा लागतो.

पहिली पायरी : नाम एकटे लिहू नये

‘टिश म्हणजे टेबल’ अशी नोंद अर्धवट आहे. ‘डेर टिश, अनेकवचन डी टिशे’ ही पूर्ण नोंद. डेर, डी आणि डास ही तीन उपपदे म्हणजे आपले तो, ती, ते. (वर्गात पहिल्या दिवशी ‘डास’ ऐकून कोणीतरी हसतेच; ते हसू होऊन जाऊ द्यावे, शब्द मात्र कायमचा लक्षात राहतो.) इंग्रजी वळणाने शिकणाऱ्याला निर्जीव वस्तूंना लिंग कशाला, असा प्रश्न पडतो, हिंदी भाषकाला दोन लिंगे ओळखीची असतात, तिसरे नसते. मराठी माणसाला तिन्ही जन्मापासून ठाऊक असतात. ‘तो चमचा, ती सुरी, ते ताट’ म्हणताना आपण कधी विचार करत नाही. जर्मन जेवणाच्या टेबलावरही हेच आहे : डेर ल्योफेल म्हणजे चमचा, डी गाबेल म्हणजे काटा आणि डास मेसर म्हणजे सुरी.

यातूनच पुढची शंका निघते : मराठीतले लिंग तसेच्या तसे नेता येईल का? येणार नाही. आपला सूर्य तो, जर्मन झोने मात्र ‘डी’. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी, हा निव्वळ योगायोग. बस मराठीत ती, जर्मनमध्ये ‘डेर बुस’. तेव्हा लिंग पाठच करावे लागते. पण काही शब्दांचे शेवट भरवशाचे आहेत. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’, ‘शाफ्ट’ आणि ‘त्सियोन’ यांनी संपणारी नामे स्त्रीलिंगी असतात, जसे डी वोनुंग (घर, फ्लॅट) किंवा डी फ्रायहाइट (स्वातंत्र्य). वार, महिने आणि ऋतू पुल्लिंगी असतात.

‘शेन’ या शेवटाबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण ‘मेडशेन म्हणजे मुलगी, मग ती डास कशी?’ हा प्रश्न प्रत्येक तुकडीत विचारला जातो. ‘शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला, की कोणतेही नाम नपुंसकलिंगी होते. मांजर म्हणजे डी काट्से, पण मांजराचे पिल्लू डास केट्सशेन. मराठी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. गाय ती, बैल तो, पण वासरू ते. मेंढी ती, पण कोकरू ते. आणि घरातली मुलगी असो की मुलगा, आजीच्या तोंडी ते लेकरूच. लहान जीवाला नपुंसकलिंगात घालण्याची ही वृत्ती आपल्या भाषेत आधीपासून असताना ती इंग्रजीतून समजून घेण्याचा खटाटोप कशाला?

अनेकवचनाला एकच एक नियम नाही. घर-घरे, मूल-मुले, भाषा-भाषा हे आपण जसे वापरातून शिकलो, तसेच डास किंट-डी किंडर, डी फ्राउ-डी फ्राउएन, डास त्सिमर-डी त्सिमर हे शिकावे. अनेकवचनात उपपद सर्वांना ‘डी’च लागते, त्यामुळे ‘डी’ दिसले म्हणजे स्त्रीलिंग असे धरू नये.

दुसरी पायरी : अर्थ मराठीत लिहावा

इंग्रजीत ‘माहीत असणे’ या अर्थाचे एकच ‘नो’ (know) असल्यामुळे केनेन, विसेन आणि क्योनेन यांतला फरक शिकवायला पुस्तके दोन-दोन पाने खर्च करतात. मराठीत तो फरक आधीच आहे. ‘मी त्यांना ओळखतो’ किंवा ‘मला पुणे परिचयाचे आहे’ तेथे केनेन. ‘गाडी किती वाजता आहे, मला ठाऊक आहे’ तेथे विसेन. ‘मला जर्मन येते’, ‘मला पोहता येते’ तेथे क्योनेन : ‘इश कान डॉइच’. या वाक्यात ‘बोलणे’ हे क्रियापद घालण्याचीही गरज नाही, अगदी मराठीसारखेच.

असाच फायदा ‘मला’ या शब्दाचा आहे. थंडी वाजत असताना इंग्रजी साच्यातून ‘इश बिन काल्ट’ म्हटले, तर आपण स्वभावाने कोरडे, भावनाशून्य आहोत, असा अर्थ होतो. बरोबर वाक्य ‘मीर इस्ट काल्ट’, म्हणजे शब्दशः ‘मला थंड आहे’. ‘मला हे आवडते’ याला ‘डास गेफेल्ट मीर’. आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस ‘मला’च्या जागी, ही रचना आपल्याकडेही हीच आहे.

पण येथेच सावधही राहावे. आपला ‘मला’ दोन कामे करतो आणि जर्मनमध्ये त्या दोन कामांसाठी ‘मिश’ आणि ‘मीर’ असे दोन शब्द आहेत. ‘मला विचार’ यात मिश, ‘मला उत्तर दे’ यात मीर; ‘मला फोन कर’ यात मिश, ‘मला मदत कर’ यात मीर. याला तर्क लावत बसू नये. हेल्फेन (मदत करणे), डांकेन (आभार मानणे), आंटवोर्टेन (उत्तर देणे), गेफालेन (आवडणे) अशी मीर मागणारी क्रियापदे वहीत वेगळ्या शाईने लिहावीत. शब्दकोशात क्रियापदाबरोबर ‘येमांडेन’ किंवा ‘येमांडेम’ यांचे संक्षेप दिलेले असतात; शेवटी ‘म’ असेल तर मीर, ‘न’ असेल तर मिश.

मराठीही कधीकधी फसवते, हे मान्य करायला हवे. आपण पायी जातो, गाडीने जातो आणि विमानानेही जातो. जर्मन माणूस मात्र पायी ‘गेएन’, वाहनाने ‘फारेन’ आणि विमानाने ‘फ्लीगेन’ करतो. आपण दहावीचाही अभ्यास करतो आणि एम.ए.चाही, जर्मनमध्ये विद्यापीठातले शिक्षण घेणे म्हणजे ‘श्टुडीरेन’ आणि बाकी सगळे ‘लेर्नेन’. संध्याकाळी शब्द पाठ करत बसलेल्याने ‘इश श्टुडीरे’ म्हटले, की ऐकणारा विचारतो, कोणत्या विद्यापीठात?

तिसरी पायरी : इंग्रजीसारखे दिसणारे शब्द वेगळ्या पानावर

या पानाला मी ‘चकवा’ असे नाव देतो. ‘बेकोमेन’ म्हणजे मिळणे, होणे नव्हे. डॉक्टर व्हायचे आहे असे सांगताना हा शब्द वापरला, तर डॉक्टर मिळणार असल्याची बातमी दिली जाते. होणे म्हणजे ‘वेर्डेन’. ‘शेफ’ म्हणजे साहेब, आचारी नव्हे, आचारी ‘कोख’. ‘राट’ म्हणजे सल्ला, ‘फास्ट’ म्हणजे जवळजवळ, ‘आल्झो’ म्हणजे तर किंवा म्हणजे. ‘वेर’ म्हणजे कोण आणि ‘वो’ म्हणजे कुठे, हे इंग्रजी कानाला बरोबर उलटे वाटते. ‘इश विल’ हा भविष्यकाळ नाही. ‘मला हवे आहे, माझी इच्छा आहे’ असा त्याचा अर्थ. ‘ग्युम्नाझियुम’ ही व्यायामशाळा नसून विद्यापीठाच्या वाटेवरची माध्यमिक शाळा आहे, आणि ‘होखशूले’ शब्दशः उच्चशाळा असली, तरी ती शाळा नसून उच्च शिक्षण देणारी संस्था आहे.

‘गिफ्ट’ म्हणजे विष, हे सगळ्यांना लगेच पाठ होते. मात्र हा शब्द मुळात ‘देणे’ याच अर्थाचा होता आणि तो जुना अर्थ ‘डी मिटगिफ्ट’ या शब्दात टिकून आहे. मिटगिफ्ट म्हणजे हुंडा. विष आणि हुंडा एकाच शब्दातून निघावेत, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

चौथी पायरी : आकडे आणि घड्याळ

एकवीस म्हणजे आधी एक, मग वीस. जर्मनमध्येही ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’, एक आणि वीस. पंचवीसमध्ये पाच आधी, ‘फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश’मध्येही पाच आधी. इंग्रजी माध्यमात शिकलेले विद्यार्थी कोणी फोन नंबर सांगू लागले, की गोंधळतात. मराठी माध्यमातले गोंधळत नाहीत, फक्त त्यांनी आकडा मनात मराठीत ऐकायला हवा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा आपल्याकडे मोठा वाद झाला होता. जर्मनीतही ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजे नेमके ‘वीस एक’, असेही म्हणू द्यावे असा आग्रह धरणारी एक संस्था आहे. मोठ्या आकड्यांत ‘मिलियार्डे’ म्हणजे आपला अब्ज आणि ‘बिलियोन’ म्हणजे एक लाख कोटी. इंग्रजी बिलियनशी त्याची गल्लत केली, तर हिशेब हजारपटीने चुकतो.

घड्याळाने मला स्वतःला फटका दिलेला आहे. पहिल्या महिन्यात एक खोली पाहायला जायचे होते आणि घरमालकीणबाईंनी फोनवर ‘हाल्प ड्राय’ ही वेळ दिली. हाल्प म्हणजे अर्धा, ड्राय म्हणजे तीन. मी मनात साडेतीन असे भाषांतर केले आणि सव्वातीनलाच, वेळेआधी आल्याच्या समाधानात, दारात उभा राहिलो. खोली पाऊण तासापूर्वी दुसऱ्याला दिली गेली होती. ‘हाल्प ड्राय’ म्हणजे अडीच. तिसरा तास अर्धा झाला आहे, असा त्याचा अर्थ.

घरी परतताना वाटले, हा कसला उलटा हिशेब! पुढे कळले, की उलटे काहीच नव्हते. आपला ‘अडीच’ हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’पासून आला आहे : दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. म्हणजे अडीच आणि हाल्प ड्राय हे घडणीने एकच शब्द आहेत. आपण ती पद्धत दीड-अडीचपुरती ठेवली आणि पुढे साडेतीन, साडेचार असे म्हणू लागलो. जर्मनने ती बाराही तासांना लावली. त्यामुळे हाल्प ऐकले, की अडीचची आठवण करावी आणि सांगितलेल्या तासातून अर्धा तास वजा करावा. हाल्प आख्ट म्हणजे साडेसात.

सव्वा आणि पावणे यांना पुस्तकात ‘फिर्टेल नाख’ आणि ‘फिर्टेल फोर’ असे शब्द आहेत : फिर्टेल नाख झीबेन म्हणजे सव्वासात, फिर्टेल फोर आख्ट म्हणजे पावणेआठ. पण पूर्व जर्मनीत आणि नैर्ऋत्येकडे स्टुटगार्टच्या परिसरात याच वेळा ‘फिर्टेल आख्ट’ आणि ‘ड्राय फिर्टेल आख्ट’ अशा सांगतात. म्हणजे आठव्या तासाचा पाव भाग झाला, किंवा पाऊण भाग झाला. हे लक्षात ठेवणे आता अधिक गरजेचे आहे, कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत कुशल मनुष्यबळासाठी करार झाला, आणि स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी आहे. शंका आलीच, तर चौदा-तीस अशी चोवीस तासांची वेळ उलट विचारून खात्री करावी. त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

पाचवी पायरी : लांब शब्द मागून वाचावा

‘हाउसट्यूरश्ल्युसेल’ असा शब्द दिसला, की नवखा माणूस शब्दकोशाकडे धावतो आणि तो तेथे सापडतोच असे नाही. असा शब्द शेवटून फोडावा : श्ल्युसेल म्हणजे किल्ली, ट्यूर म्हणजे दार, हाउस म्हणजे घर. घराच्या दाराची किल्ली. हा तत्पुरुष समास आहे, आणि ‘देवघर’ जसे घरामुळे ‘ते’ आणि ‘हातरुमाल’ रुमालामुळे ‘तो’, तसेच जर्मन समासाचे लिंग शेवटचे पद ठरवते. श्ल्युसेल ‘डेर’, म्हणून सगळा शब्द ‘डेर’. सांध्यावर कधीकधी एखादा ‘स’ येतो, जसे ‘गेबुर्ट्सटाग’ (वाढदिवस). त्याला अर्थ नाही, तो केवळ सांधणारा डिंक आहे.

एक शब्द नीट आला, की त्याचे कुटुंब करावे. ‘क्रांक’ म्हणजे आजारी. त्यावरून क्रांकेनहाउस (रुग्णालय), क्रांकेनवागेन (रुग्णवाहिका), क्रांकेनकासे (आरोग्य विमा संस्था). परिचारिकेला ‘क्रांकेनश्वेस्टर’ म्हणतात हे खरे, पण २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार या पेशाचे अधिकृत नाव स्त्रियांसाठी ‘फ्लेगेफाखफ्राउ’ आणि पुरुषांसाठी ‘फ्लेगेफाखमान’ असे आहे. नोकरीचा अर्ज भरणाऱ्यांनी हेच शब्द वापरावेत.

सहावी पायरी : तुटलेली क्रियापदे जोडून शोधावीत

‘इश रूफे डिश मोर्गेन आन’ या वाक्यातले ‘रूफे’ शब्दकोशात शोधले, तर ‘हाक मारणे’ असा अर्थ मिळतो आणि वाक्य लागत नाही. शेवटचा ‘आन’ उचलून पुढे जोडला, की ‘आनरूफेन’, फोन करणे, हे खरे क्रियापद हाती येते. तेव्हा क्रियापद शोधण्याआधी वाक्याच्या शेवटी एकटा पडलेला तुकडा आहे का, हे पाहावे. हार या एका शब्दापासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, हे आपण शाळेत शिकलो. जर्मन उपसर्गही असेच अर्थ बदलतात आणि वर सुटून दूर जातात. वैदिक संस्कृतातही उपसर्ग क्रियापदापासून सुटून वाक्यात लांब जाऊन बसत असे, त्यामुळे या कुटुंबात हे नवे नाही.

सराव रेल्वे स्थानकावर उत्तम होतो : आइनश्टाइगेन म्हणजे चढणे, आउसश्टाइगेन म्हणजे उतरणे, उमश्टाइगेन म्हणजे गाडी बदलणे. ‘बिटे आले आउसश्टाइगेन’ अशी घोषणा झाली, की सर्वांनी उतरायचे असते; गाडी पुढे प्रवासी घेऊन जाणार नाही. सगळेच उपसर्ग सुटत नाहीत. ‘फेर’, ‘बे’, ‘एंट’, ‘गे’ हे कधीच सुटत नाहीत. आणि वाहनचालक म्हणून जाणाऱ्याने ‘उमफारेन’ तर जिभेवर घोटूनच ठेवावे : आघात ‘उम’वर दिला तर एखाद्याला गाडीखाली घेणे, ‘फा’वर दिला तर त्याला वळसा घालून जाणे.

सातवी पायरी : छोटे शब्द

‘डोख’, ‘माल’, ‘डेन’ यांचा अर्थ शब्दकोशात शोधून कोणाचे समाधान होत नाही, कारण इंग्रजीत त्यांना जोडच नाही. मराठीत आहे : की, जरा, बरे, ना. ‘कोम माल हेर’ म्हणजे ‘जरा इकडे ये’. ‘वास माखस्ट डू डेन?’ म्हणजे ‘काय बरे करतो आहेस?’ ‘तू येत नाहीस का?’ असे कोणी विचारले आणि आपण येणार असलो, तर ‘या’ म्हणजे ‘हो’ म्हणू नये. त्या जागी ‘डोख’. आपण ‘येतो की!’ म्हणतो, त्यातला ‘की’ म्हणजेच डोख.

नात्यांचे शब्द सोपे वाटतील, कारण ते थोडे आहेत. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघी ‘टान्टे’. दीर आणि मेहुणा दोघेही ‘श्वागर’. ‘ओन्केल’ काका-मामा, पण ‘एन्केल’ म्हणजे नातू. उलट ‘परवा’ हा शब्द आपल्याकडे दोन्ही दिशांना चालतो आणि जर्मनमध्ये गेलेला परवा ‘फोरगेस्टर्न’, येणारा ‘युबरमोर्गेन’, असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘मोर्गेन’ उद्याही आहे आणि सकाळही. ‘उद्या सकाळी’ म्हणताना मोर्गेन दोनदा न म्हणता ‘मोर्गेन फ्र्यू’ म्हणतात.

शेवटी, पुस्तकात न भेटलेला शब्द दुकानात कानावर पडला, तर आपलेच काही चुकले, असे मानू नये. सकाळचा छोटा पाव पुस्तकात ‘ब्र्योटशेन’ असतो. बव्हेरियात तो ‘झेमेल’, बर्लिनमध्ये ‘श्रिपे’ आणि स्टुटगार्टकडे ‘वेकले’ होतो. शनिवार पश्चिमेला आणि दक्षिणेला ‘झाम्सटाग’, उत्तरेला आणि पूर्वेला पुष्कळदा ‘झोनाबेन्ट’. असा शब्द ऐकला, की त्याच्यापुढे गावाचे नाव लिहून ठेवावे. बोलताना मात्र पुस्तकी शब्दच वापरावा. तो सगळीकडे समजतो, आणि पावाच्या दुकानातल्या बाई तो ऐकून बहुधा आपला शब्द शिकवतातच.